लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी बसवायची आहे? आधी हे वाचा

लॅपटॉप चालू केल्यावर तो वापरण्याजोगा व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील, तर दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो. आत फिरणारी हार्ड डिस्क हे त्याचं कारण असतं. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क सलग लिहिलेली मोठी फाइल सेकंदाला साधारण १०० एमबी वेगाने वाचते. पण विखुरलेल्या हजारो छोट्या फाइली वाचायच्या म्हटलं, की तिचं हेड तबकडीवर इकडून तिकडे धावत राहतं आणि तो वेग एखाद-दोन एमबीवर घसरतो. विंडोज सुरू होताना नेमकं हेच काम असतं. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह; तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे ही धावपळ संपते. जुन्या लॅपटॉपवर करण्याजोगा याहून मोठा बदल दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. लॅपटॉपमध्ये आधीपासून एसएसडी आहे पण ती लहान पडते, अशी अडचण असेल तरी पुढची वाट तीच आहे.

लोकांना भीती वाटते ती लॅपटॉप उघडण्याची. खरं तर तो भाग सगळ्यात सोपा आहे. काम फसतं ते चुकीच्या प्रकारची ड्राइव्ह घेतल्यामुळे किंवा बॅकअप न घेतल्यामुळे. म्हणून या लेखात स्क्रू-ड्रायव्हर बराच उशिरा हातात घ्यायचा आहे.

आत काय आहे ते शोधा

लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल नंबर छापलेला असतो. नुसतं मालिकेचं नाव पुरेसं नाही, पूर्ण नंबर हवा. एकाच नावाखाली अनेक वेगवेगळी मॉडेलं विकली जातात. तो नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल मिळतं का बघा. ड्राइव्हचा प्रकार, लांबी, एकूण स्लॉट किती आणि कोणता स्क्रू कुठे आहे, हे सगळं त्यात असतं. मॅन्युअल नसेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्क ड्राइव्ह’ खाली आत्ताच्या ड्राइव्हचा मॉडेल नंबर दिसतो. तो शोधला की प्रकार कळतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा (ड्राइव्ह जोडण्याची जुनी पद्धत) ड्राइव्ह सापडेल. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. आजच्या अशा एसएसडी ७ मिमी जाडीच्या असतात. काही जुन्या लॅपटॉपमध्ये साडेनऊ मिमीची जागा असते, तिथे ड्राइव्ह सैल राहू नये म्हणून प्लॅस्टिकची एक चौकट लावतात.

नंतरच्या लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट असतो, आणि गोंधळ होतो तो इथे. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. २२४२ आणि २२३० या त्याच रुंदीच्या पण आखूड ड्राइव्ह. आकार तोच असला तरी आतली भाषा दोन प्रकारची असू शकते: साटा किंवा तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. फक्त साटा चालणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई ड्राइव्ह लॅपटॉपला दिसतच नाही, आणि उलटही तेच. साटा ड्राइव्हच्या टोकाला साधारणपणे दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक, पण केवळ खाचा मोजून खरेदी करू नका. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तेच प्रमाण.

काही स्वस्त आणि काही अतिपातळ लॅपटॉपमध्ये साठवण थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तिथे दुसरा मोकळा स्लॉट नसेल तर ड्राइव्ह बदलणं विसरा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणारे मॅकबुक याच गटातले. याउलट २०१२ च्या, रेटिना पडदा नसलेल्या मॅकबुक प्रोमध्ये साधी अडीच इंची साटा ड्राइव्ह आहे आणि ती बदलता येते.

वॉरंटीचे नियमही याच वेळी वाचून घ्या. प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात.

कोणती घ्यावी

खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यांनी भुलू नका. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जाते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३,५०० पर्यंत, चौथ्या पिढीची ७,००० च्या आसपास. चौथ्या पिढीची ड्राइव्ह तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, पण स्लॉटच्याच वेगाने. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलात तर फरक पहिल्याच मिनिटाला जाणवतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर रोजच्या कामात तो फारसा कळत नाही, मोठे व्हिडिओ हलवताना कळतो.

वेगापेक्षा आतली मेमरी बघा. टीएलसी आणि क्यूएलसी या दोन जाती सर्रास मिळतात. क्यूएलसीमध्ये एका सेलमध्ये जास्त माहिती कोंबलेली असल्यामुळे ती स्वस्त पडते, पण लांबलचक लिखाण चालू असताना ती बरीच मंदावते आणि तिचं लिखाणाचं आयुष्यही कमी असतं. जिच्यावर विंडोज असणार आहे ती ड्राइव्ह टीएलसीच घ्यावी, असं मी सांगेन. आयुष्याचा आकडा टीबीडब्ल्यू (एकूण किती टेराबाइट लिहिता येतील) या नावाने दिलेला असतो. ६०० टीबीडब्ल्यू म्हणजे पाच वर्षं रोज सुमारे ३२८ जीबी लिहिण्याची मुभा. घरगुती वापर त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा या आकड्याची धास्ती नको.

जाड हीटसिंक (उष्णता घालवणारा धातूचा तुकडा) लावलेली एनव्हीएमई ड्राइव्ह डेस्कटॉपसाठी असते, लॅपटॉपचं झाकण तिच्यावर बसणार नाही. पातळ लॅपटॉपसाठी एकाच बाजूला चिप असलेली ड्राइव्ह बघा. आणि १ टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.

बॅकअप, आणि मग बिटलॉकर

महत्त्वाच्या सगळ्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा आणि त्यातल्या चार-दोन उघडून बघा. क्लोन (जुन्या ड्राइव्हची थेट प्रत) करणार असलात तरीही हे कराच, कारण क्लोन करताना एक चुकीची निवड झाली तर मूळ ड्राइव्हच पुसली जाते.

त्यानंतर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तपासा. अनेक लॅपटॉपवर ते वापरणाऱ्याच्या नकळत चालू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कागदावर लिहून घ्या आणि काम संपेपर्यंत एन्क्रिप्शन बंद करा. ही पायरी गाळली तर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होतानाच निळा पडदा ही रिकव्हरी की मागत बसू शकतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने जुन्या ड्राइव्हची तब्येतही बघून घ्या. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर क्लोनच्या फंदात पडू नका. फाइली वाचवा आणि विंडोज नव्याने टाका.

क्लोन की नवं विंडोज?

क्लोन म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत. प्रोग्राम, सेटिंग, वॉलपेपरसुद्धा जिथल्या तिथे राहतात. त्यासाठी नवी ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घालून लॅपटॉपला जोडावी लागते. एम.२ साठी केस घेताना ती साटाची आहे की एनव्हीएमईची, हे पुन्हा बघा. नामवंत कंपन्या आपल्या ड्राइव्हसाठी क्लोनिंगचा प्रोग्राम मोफत देतात. नाहीतर क्लोनझिला आहेच, फक्त त्याचे पडदे रुक्ष आहेत आणि नवी ड्राइव्ह जुनीइतकी किंवा मोठी असावी अशी त्याची अपेक्षा असते. ‘सोर्स’ म्हणजे जुनी, ‘टार्गेट’ म्हणजे नवी. बटण दाबण्याआधी दोन्हींची नावं आणि आकार मोठ्याने वाचा.

नवी ड्राइव्ह मोठी असेल तर क्लोन करतानाच सी विभाग वाढवून घ्या. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये वाढवायला गेलात तर मध्ये रिकव्हरी विभाग आडवा येतो आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं.

मला स्वतःला नव्याने विंडोज टाकणं जास्त पटतं, विशेषतः लॅपटॉप अनेक वर्षं वापरलेला असेल तर. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार होतो. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असल्यामुळे ड्राइव्ह बदलल्यावर ते पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. इंटेल प्रोसेसरच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला नवी ड्राइव्ह दिसतच नाही. ड्राइव्ह खराब निघाली असं समजून ती परत पाठवण्याआधी थांबा: तिथे इंटेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी ड्रायव्हर लागतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो आधीच उतरवून, अनझिप करून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा.

आता स्क्रू-ड्रायव्हर

शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ करा, म्हणजे लॅपटॉप अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. काही मॉडेलमध्ये बायोसमध्येच (विंडोजच्या आधी सुरू होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम) आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय असते, ती असेल तर वापरा.

बहुतेक स्क्रूंना पीएच० (अधिकच्या चिन्हासारखं लहान) टोक लागतं. लांब-आखूड स्क्रू एकमेकांच्या जागी गेले तर बोर्डाला इजा होते, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवून ठेवा. सगळे काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायाखाली एखादा दडलेला असेल. झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवा. धातूचं टोक आत घालू नका.

आत हात घालण्याआधी एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवा. मग बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सोडवा, वायर न ओढता.

एम.२ ड्राइव्हचा एक स्क्रू काढला की ती स्वतःहून तिरकी वर येते. सरळ ओढून काढा. नवी त्याच कलाने खाचेत पूर्ण सरकवा, खाली दाबून धरा आणि स्क्रू लावा. सोनेरी टोकं बाहेर डोकावत असतील तर ती नीट बसलेली नाही. जुन्या ड्राइव्हवर उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी असेल तर ती नव्या ड्राइव्हवर घ्या. अडीच इंची ड्राइव्ह मात्र धातूच्या चौकटीत असते. चौकट नव्या ड्राइव्हला लावा आणि रिबन केबल हळुवार हाताळा, ती सहज फाटते.

पहिल्यांदा चालू करताना

क्लोन केला असेल तर पहिल्या बूटला जुनी ड्राइव्ह यूएसबीने जोडलेली ठेवू नका. दोन्हींची ओळख एकच असल्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं. बायोसमध्ये नवी ड्राइव्ह दिसते का आणि बूटच्या क्रमात ती वर आहे का, ते बघा. दिसतच नसेल तर बॅटरी पुन्हा सोडवून ड्राइव्ह काढून परत बसवा. बहुतेकदा ती अर्धी आत गेलेली असते.

विंडोज सुरू झाल्यावर ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये तिच्यापुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असं लिहिलेलं दिसायला हवं. मग विंडोज डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) न करता ट्रिमची, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली ते ड्राइव्हला सांगणारी आज्ञा पाठवतं. बाहेरचा डीफ्रॅग प्रोग्राम असेल तर काढून टाका; एसएसडीला त्याचा उपयोग शून्य आणि झीज मात्र होते. सगळं सुरळीत आहे याची खात्री पटली की एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा.

जुनी ड्राइव्ह काही आठवडे न पुसता बाजूला ठेवा, विसरलेली फाइल हमखास तिच्यातच सापडते. नंतर यूएसबी केसमध्ये ती बॅकअपसाठी उपयोगी पडेल. कुणाला द्यायची असेल तर फॉरमॅटवर विसंबू नका: हार्ड डिस्क असेल तर तिच्यावर पूर्ण नव्याने लिहून, आणि एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या प्रोग्रामातल्या ‘सिक्युअर इरेज’ने ती पुसून द्या.