नाव वेगळं, औषध तेच

तापासाठी डोलो ६५०, अंग ठणकतंय म्हणून कॉम्बिफ्लाम, वर सर्दीची एक गोळी. तीन आजारांवर तीन औषधं घेतली असं वाटतं, पण पॅरासिटामॉल तिन्हींत असू शकतं. डोलोत ६५० मिलिग्रॅम, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनबरोबर ३२५ आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ५००. म्हणजे एका दमात जवळजवळ दीड ग्रॅम! धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल, यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल, तर मर्यादा त्याहून खाली, ती डॉक्टरांनाच विचारा. जास्त झालं की यकृत बिघडतं आणि पहिल्या दिवशी बहुधा काही जाणवतही नाही. चुकून जास्त गेलंच, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा.

म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. केमिस्टकडून सुट्ट्या गोळ्या घेताना पट्टीचा नेमका छापील भाग कापला जातो, तेव्हा नाव आणि मुदत तिथल्या तिथे मोबाइलवर टिपून घ्या. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान चार तास जाऊ द्या.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी नकोत. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नकोत. आणि पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असण्याची शंका असेल, तर या दोन्ही आणि ॲस्पिरिनही टाळा, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटामॉलच बरं, तेही मोजून.