बर्गर-पिझ्झाच्या दुकानात साधं पाणी कसं मिळवायचं

मला मूतखड्याचा त्रास आहे आणि काम फिरतीचं. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून पुणे, नगर, संभाजीनगर, नाशिक हा पट्टा सांभाळतो. डॉक्टरांनी बजावलंय की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, म्हणजे पोटात तीन लिटरच्या वर पाणी गेलं पाहिजे. दुपारचं जेवण बऱ्याचदा मॉलमध्ये किंवा हायवेवरच्या एखाद्या बर्गर-पिझ्झाच्या दुकानात उरकावं लागतं, त्यामुळे तिथे पाणी कसं मिळतं आणि कसं टाळलं जातं, हे मला चांगलंच ठाऊक झालंय.

उडुप्याकडे बसलं की मेन्यूकार्डाच्या आधी पाण्याचे ग्लास टेबलावर येतात. इथे चारशे-पाचशेचं बिल केलं तरी पाणी मागावं लागतं. मागितलं की एक चिमुकला कागदी कप पुढे सरकवतात, तोही अर्धा बर्फाने भरलेला. दोन घोटांत पाणी संपतं, तळाशी बर्फ उरतो. आणखी हवं असेल तर पुन्हा रांगेत उभं राहा. मागे लोक खोळंबलेले असतात, म्हणून बहुतेक जण कंटाळून बाटली विकत घेतात. मला याचा राग येतो. पण नुसतं चिडून पाणी मिळत नाही, म्हणून नीट मागायचं कसं ते सांगतो.

पैसे देण्याआधी मागा. “पाणी आहे का?” असं विचारलं तर उत्तर येणार, “हो सर, बाटली देऊ?” त्यापेक्षा सरळ सांगा, “दादा, ऑर्डरसोबत साधं पाणी द्या, फिल्टरचं. बर्फ नको.” ‘बर्फ नको’ हे विसरू नका, तेवढ्याने कपातलं पाणी जवळपास दुप्पट होतं. स्क्रीनवर ऑर्डर द्यायची असेल तर तिथे फक्त बाटलीचंच चित्र सापडतं. मग ऑर्डर पूर्ण करा आणि पदार्थ घ्यायच्या काउंटरवर टोकन दाखवून हेच वाक्य म्हणा.

मोठा कप मागून उपयोग नाही, आणि त्यामागे कारण आहे. बहुतेक साखळ्यांमध्ये कोल्ड्रिंकचे कप मोजून दिलेले असतात आणि रात्री त्यांचा हिशोब विक्रीशी ताडून पाहतात. हिशोबात कप कमी निघाले तर जाब काउंटरवरच्या पोराला द्यावा लागतो. पाणी द्यायला त्याची ना नसते, कप द्यायची त्याला मुभा नसते. म्हणून स्वतःची बाटली न्या. पाऊण लिटरची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली सगळ्यात सोयीची. ती मशीनच्या नळीखाली धरायला सांगू नका. बाटलीचं तोंड नळीला लागलं तर नळी खराब होते, आणि यावर तो नाही म्हणाला तर त्याचं बरोबरच आहे. “जगमधून वरून ओता” म्हणा. गर्दी नसेल तेव्हा मला याला क्वचितच नकार मिळालाय.

तरीही नकार आला तर तो नेमका कसला आहे ते ऐका.

“आमच्याकडे फिल्टरचं पाणी नाही,” असं म्हणाले तर काउंटरच्या मागे नजर टाका. कोल्ड्रिंकचं मशीन दिसतंय का? त्या मशीनमध्ये तयार कोल्ड्रिंक भरलेलं नसतं. मागे घट्ट सिरपची पिशवी किंवा पिंप असतं, शिवाय गॅसचा सिलेंडर आणि पाण्याची लाईन. नळाचं पाणी फिल्टर होऊन येतं, गार होतं, त्यात गॅस मिसळतो आणि नळीच्या तोंडाशी सिरपबरोबर एकत्र होऊन कपात पडतं. सर्वसाधारण प्रमाण पाच भाग पाण्याला एक भाग सिरप. म्हणजे शंभर-सव्वाशे रुपयांच्या त्या ग्लासात बहुतांश तेच फिल्टरचं पाणी असतं जे तुम्ही मागताय. काही मशीनवर तर साध्या पाण्याची वेगळी कळही असते. शांतपणे एवढंच विचारा, “या मशीनला जे फिल्टरचं पाणी येतं, त्यातलंच देता का?”

“आमचं पाणी पिण्यालायक नाही,” हे उत्तर मात्र सोडू नका. खाद्यपदार्थ बनवणाऱ्याने पिण्यायोग्य पाणीच वापरायचं, ही अन्नसुरक्षा परवान्यातली अट आहे. बर्फ आणि कोल्ड्रिंक त्याच पाण्याचं, पिझ्झाचं पीठही बहुधा त्याच पाण्यात भिजवलेलं. तुमच्याशी बोलणाऱ्या पोराला हे सुनावत बसू नका. शिफ्ट मॅनेजरला बोलवा, तो सहसा वेगळ्या रंगाच्या शर्टात मागेच असतो. त्याला विचारा, “पाणी पिण्यालायक नाही, मग बर्फ कशाचा?” बहुतेक वेळा पाणी तिथल्या तिथे येतं. नाही आलं आणि पाण्याबद्दल खरंच शंका वाटली, तर बिल जपून ठेवा. त्यावर 14 अंकी परवाना क्रमांक असतो, 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. तो क्रमांक घेऊन एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करता येते.

“कंपनीची पॉलिसी आहे,” म्हणाले तर विचारा, ती कुठे लिहिली आहे.

इथे एक सांगायलाच हवं. व्हॉट्सॲपवर 1867 च्या सराई कायद्याचा मजकूर फिरत असतो, की कुठल्याही हॉटेलात शिरा आणि फुकट पाणी मागा. तो काउंटरवर दाखवू नका. तो कायदा वाटसरूंच्या मुक्कामाच्या सराईंसाठी केलेला. मॅनेजरला हे माहीत असलं तर तुमचं बाकीचं खरं म्हणणंही हवेत जातं.

टेबलावर वाढणाऱ्या ठिकाणी खेळ वेगळा. तुम्ही बसता-बसता वेटर बाटली आणून ठेवतो आणि बोलता-बोलता झाकण पिरगाळतो. सील तुटलं की ती बिलात येणार. त्याच्या हातात बाटली दिसताच, “दादा, बाटली नको, साधं पाणी आणा,” म्हणा. नंतर छापील किमतीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. हॉटेल-रेस्टॉरंटना बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे. तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा आणि सेवाही दिली जाते, असा त्यामागचा विचार. मला तो पटत नाही, पण सध्या तोच लागू आहे. त्यामुळे लढाई सील तुटायच्या आधीच लढायची.

मॉलच्या फूड कोर्टात दुकानदार हात वर करतात: “पाणी तिकडे, कॉमन आहे.” ‘तिकडे’ म्हणजे बहुधा हात धुवायच्या बेसिनला खेटून किंवा टॉयलेटच्या वाटेवर. आधी कूलर बघून घ्या. फिल्टर कधी बदलला याची चिठ्ठी लावलेली असते, तिच्यावरची तारीख वाचा. तोटीखालची जाळी बुळबुळीत असेल तर ते पाणी पिऊ नका. ठीक दिसलं तर पहिलं थोडं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा. कूलर बंद किंवा घाणेरडा असेल तर दुकानदाराशी भांडू नका, मॉलच्या चौकशी खिडकीवर सांगा. त्याची जबाबदारी मॉलची.

मल्टिप्लेक्समध्ये तुमची बाजू जास्त भक्कम आहे. बाहेरचं खाणं आत आणू न देण्याचा अधिकार सिनेमागृहांना आहे, पण प्रेक्षकांसाठी पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत असलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 च्या निकालात स्पष्ट केलं. तेव्हा पॉपकॉर्नच्या काउंटरवर विचारण्याऐवजी तिकीट तपासणाऱ्यालाच विचारा, “मोफत पाण्याची सोय कुठे आहे?” तो बोट दाखवतोच.

न मागितलेली बाटली बिलात लावली आणि काढायला नकार दिला, तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोललं तरी चालतं. तारीख, वेळ, दुकानाचा पत्ता आणि काय घडलं एवढंच सांगा.

घरातलं कोणी वयस्कर सोबत असेल आणि जेवणानंतर गोळ्या घ्यायच्या असतील, तर कॉफी मिळणाऱ्या दुकानात गरम पाणी मागा. कॉफीच्या मशीनमधून गरम पाणी येतं. अर्धा कप गरम घेऊन त्यात आपल्या बाटलीतलं गार मिसळायचं. माझ्या आईसाठी मी नेहमी तसंच करतो, आणि “आईच्या गोळीला हवंय” म्हटल्यावर आजवर कुणी तोंड वाकडं केलेलं नाही.