सेनेका वाचायचाय? छप्पन्नाव्या पत्रापासून सुरू करा

सेनेका म्हणजे रोमन तत्त्वज्ञ. त्याच्या चरित्रापासून सुरुवात करू नका. मी ती चूक केली. कॉर्सिका बेटावरची हद्दपारी, पुढे सम्राट झालेल्या नीरोला शिकवणं, इ.स. 65 मध्ये त्याच नीरोच्या हुकमाने मरण... सनावळीतच दमलो आणि पुस्तक माळ्यावर गेलं.

थेट त्याने ल्युसिलिअस या मित्राला लिहिलेली पत्रं घ्या. 124 आहेत, चहाबरोबर रोज एकच. आधी छप्पन्नावं उघडा. सेनेका हमामखान्याच्या वर राहतोय. खाली वजनं उचलणाऱ्यांचं कण्हणं, पाण्यात धपकन उड्या, सॉसेजवाल्याची आरोळी, आणि काखेतले केस उपटणारा न्हावी, जो गप्प असतो तेव्हा गिऱ्हाईक किंचाळत असतं! या गोंगाटातही मन स्थिर राहतं असं तो पटवत बसतो, आणि शेवटी सांगतो की मी इथून मुक्काम हलवतोय. मी खो खो हसलो. माझ्या घराखाली पिठाची गिरणी आहे.

मग बारावं. झाडं वाळली म्हणून तो कारभाऱ्यावर ओरडतो. कारभारी म्हणतो, म्हातारी झालीत ती. लावलेली असतात सेनेकानेच.

सेनेकासारख्या गडगंज श्रीमंताने साधेपणा शिकवावा, हे खटकेलच. पेन्सिल घ्या, समासात भांडा. माझी प्रत अशा भांडणांनी काळी झालीये.