एम्बेडेड प्रदर्शनाला जाताना प्रश्न सोबत न्या

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं एम्बेडेड वर्ल्ड, म्हणजे उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांचं प्रदर्शन, दरवर्षी तीन दिवस भरतं आणि तिथे हजाराहून जास्त कंपन्या मांडणी करतात. म्यूनिकचं इलेक्ट्रॉनिका हे प्रदर्शन सम वर्षांत, नोव्हेंबरमध्ये होतं आणि ते त्याहूनही अवाढव्य असतं. अशा पसाऱ्यात 'बघू काय नवीन आलंय' म्हणून शिरणारा इंजिनिअर संध्याकाळी पिशवीभर माहितीपत्रकं, चार पेनं आणि दुखणारे पाय घेऊन बाहेर पडतो. डेटाशीट, म्हणजे चिपचा तांत्रिक तपशील, घरबसल्या मिळते, किमती वितरकांच्या साइटवर दिसतात. प्रदर्शनाला जायचं ते कुठेच छापलेलं नसतं ते विचारायला. इरेटामधला, म्हणजे चिपच्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीतला, अमुक दोष पुढच्या रिव्हिजनमध्ये (आवृत्तीत) दूर होणार आहे की कायमचा राहणार? ही चिप तुमच्या उत्पादनाच्या आयुष्यभर मिळेल का? चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिणारा माणूस दहा फुटांवर उभा असतो; त्याला काय विचारायचं ते ठरवून गेलात तरच त्याचा उपयोग.

निघण्याआधीचे तीन-चार आठवडे

आधी चालू प्रकल्पात अडकलेले निर्णय लिहून काढा. प्रत्येक निर्णयापुढे एक प्रश्न लिहा आणि त्यापुढे 'उत्तर नाही आलं तर काय बदलेल' तेही लिहा. उदाहरणार्थ: '१.८ व्होल्टवर फ्लॅशमध्ये (चिपच्या कायम मेमरीत) लिहिता येतं का? येत नसेल तर बॅटरी संपत आली की लॉग (नोंदी) साठवता येणार नाही, वेगळी मेमरी लागेल.' ज्या प्रश्नाच्या उत्तराने सर्किट, खर्च किंवा वेळापत्रक यातलं काहीच हलणार नाही, तो खोडून टाका. पंधरा प्रश्नांचे सहसा सहाच उरतात, आणि तेवढे पुरे.

मग भेटी ठरवा. कंपनीच्या साइटवरचा भेटीचा फॉर्म बहुतेक वेळा विक्री विभागाकडे जातो, म्हणून एफएई, म्हणजे फील्ड ॲप्लिकेशन इंजिनिअर हवा असं स्पष्ट लिहा, आणि कोणत्या विषयाचा तेही: पॉवर, रेडिओ, की लिनक्स. सोबत उत्पादन काय, वर्षाला किती नग, पुरवठ्याचं व्होल्टेज, तापमानाची मर्यादा, सध्या वापरात असलेली चिप आणि दोन प्रश्न द्या. नगांचा आकडा फुगवू नका. ५०० नगांचे ५०,००० सांगून मिळालेली किंमत तुमच्या ऑर्डरला कधीच लागू होत नाही आणि पुढच्या भेटीत तुमच्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

एका स्टॉलला अर्धा तास, चालायला आणि टिपण लिहायला पंधरा मिनिटं. जेवण धरून दिवसाला आठ-नऊ स्टॉल, त्यापुढे डोकं चालत नाही. यादी हॉलनुसार लावा. एकाच दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा चकरा मारल्या तर एक भेट हातची जाते. दुपारचे दोन तास मोकळे सोडा, कारण सगळ्यात उपयोगी गोष्ट बऱ्याचदा यादीत नसलेल्या कोपऱ्यातल्या छोट्या स्टॉलवर सापडते. छोट्या कंपनीत समोर उभा असलेलाच डिझायनर असतो.

परिषदेतली व्याख्यानं ऐकायची असतील तर त्याचं तिकीट बहुधा वेगळं असतं. व्याख्यान आणि भेट एकाच वेळी आली तर भेट निवडा; स्लाइड्स नंतरही मागवता येतात.

सोबत न्यायचे कागद: ग्राहकाचं नाव नसलेला एका पानाचा ब्लॉक डायग्रॅम, पॉवर ट्री (कोणत्या भागाला कुठून वीज जाते त्याचा आराखडा) आणि अडलेल्या ठिकाणच्या ऑसिलोस्कोपच्या प्रतिमा. पूर्ण सर्किट नेऊ नका. प्रतिमेवर प्रोब कुठे लावला होता, वेळ आणि व्होल्टेजची मापं काय होती हे लिहिलेलं असावं. मात्र घरी सुटण्यासारखं कोडं एफएईपुढे ठेवून त्याची वीस मिनिटं घालवू नका. समजा, ४०० किलोहर्ट्झची आय२सी बस (चिप्सना जोडणारी दोन तारांची वाट) अडखळतेय, पुल-अप, म्हणजे तार वर खेचणारा रोध, ४.७ किलोओहम आहे, बसवर २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स आहे, तर सिग्नल चढण्याचा वेळ ०.८४७ × ४७०० × २०० पिको म्हणजे जवळपास ८०० नॅनोसेकंद निघतो; मर्यादा ३०० ची आहे. १.५ किलोओहम लावा, विषय संपला. स्टॉलवर न्यायची ती असं गणित करूनही न सुटलेली अडचण.

बाकी सामान थोडं: पायाला रुळलेले बूट (हॉलमधल्या पातळ गालिच्याखाली काँक्रीट असतं), पाण्याची बाटली, दोन-तीन अँटिस्टॅटिक पिशव्या आणि पॉवर बँक. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतची चालते. २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास भरते.

स्टॉलवर

पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण कोण, काय बनवतो आणि कोणत्या निर्णयावर अडलोय ते सांगा. समोरचा विक्रीचा असेल तर तो लगेच ओळखतो की हे प्रकरण आपलं नाही, आणि आतल्या माणसाला हाक मारतो. 'तुमच्या नवीन मालिकेबद्दल सांगा' म्हणालात तर पंधरा मिनिटांचं पाठ भाषण ऐकावं लागेल.

सगळ्यात जास्त फसवणूक, तीही बहुतेक वेळा अजाणता, कमी वीज वापराच्या दाव्यांत होते. फलकावर चिपचा झोपेतला, म्हणजे काम नसतानाचा, प्रवाह मोठ्या अक्षरात असतो. विचारा: तो कोणत्या तापमानाला? रॅम राखून की सोडून? आरटीसी (चिपमधलं घड्याळ) आणि ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरलं की ओळखणारा भाग) चालू होता का? गळतीचा प्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे २५ अंशांचा आकडा बंद डब्यातल्या ६० अंशांवर काहीच सांगत नाही. डेमोत मीटर लावला असेल तर तो बोर्डच्या कोणत्या जम्परवर आहे आणि डीबगर (कोड तपासायला जोडतात ते साधन) काढलाय का ते पाहा. डीबगर जोडलेला असताना अनेक चिप्स खोल झोपेत जातच नाहीत.

शिवाय झोपेचा आकडा नेहमी निर्णायक असतो असंही नाही. समजा, सेन्सर दर १० सेकंदांनी ५ मिलिसेकंद जागा होतो आणि तेव्हा १० मिलिॲम्पिअर घेतो. म्हणजे सरासरी ५ मायक्रोॲम्पिअर. झोपेचे २ मिळवले की ७. २२० मिलिॲम्पिअर-तासांच्या सीआर२०३२ सेलवर कागदावर साडेतीन वर्षं. झोपेचा प्रवाह निम्म्यावर, १ वर आणला तर चार वर्षांच्या किंचित वर. जागं राहण्याचा वेळ निम्मा केला तर साडेपाच वर्षं. म्हणून फलकावरचा आकडा सोडा आणि विचारा: झोपेतून उठून क्रिस्टल (चिपच्या घड्याळाला ठेका देणारा भाग) स्थिर व्हायला किती वेळ लागतो, आणि त्या वेळात प्रवाह किती असतो? याचं उत्तर लगेच न देता 'मोजून कळवतो' म्हणणारा एफएई भरवशाचा.

रेडिओचे डेमो पल्ला ठरवायला निरुपयोगी. हॉलमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर हजारो उपकरणं एकाच वेळी बोलत असतात. तिथे चांगली कंपनीसुद्धा तोंडावर आपटते आणि वाईटही एक मीटरवर चमकते. त्याऐवजी प्रमाणपत्राचं विचारा. तयार रेडिओ मॉड्यूलची मान्यता ठरावीक प्रकारच्या अँटेनासह घेतलेली असते. तुम्ही त्याच प्रकारचा, तेवढ्याच किंवा कमी गेनचा (सिग्नल एका दिशेला एकवटण्याच्या क्षमतेचा) अँटेना लावणार नसाल तर चाचण्या पुन्हा कराव्या लागू शकतात, आणि मॉड्यूल घेऊन वाचवलेला खर्च तिथेच परत जातो. मान्य अँटेनांची यादी मागा.

कॅमेऱ्यासमोर बाटली ओळखणारे एआय डेमो आता सगळीकडे दिसतात. पाच गोष्टी विचारा: प्रतिमेचं रिझोल्यूशन, रॅम आणि फ्लॅश किती, मॉडेल आठ बिटांत आणलंय का, एनपीयूवर (एआयसाठीच्या खास भागावर) चालतंय की मुख्य प्रोसेसरवर, एका निर्णयाला लागणारा वेळ. मग परवानगी घेऊन बाटलीमागची पार्श्वभूमी हाताने झाका. मॉडेल बाटली ओळखतंय की मागचं दृश्य, ते तिथेच कळतं.

नवीन चिप दाखवत असतील तर 'कधी मिळेल' विचारून भागत नाही. 'सँपल मिळतात' आणि 'उत्पादन चालू आहे' यांत एक वर्षही जाऊ शकतं. बोर्डवरच्या चिपवर छापलेलं रिव्हिजनचं अक्षर वाचा, इरेटा प्रसिद्ध झालाय का ते विचारा आणि डेटाशीटवर 'प्राथमिक' लिहिलंय का ते बघा. टेबलाखालच्या खोक्यात एफपीजीए, म्हणजे दुसऱ्या चिपची नक्कल करायला लावता येणारी चिप, असेल तर तुम्ही अजून न जन्मलेली चिप पाहताय. पुरवठ्याच्या हमीतही एक खोच असते: दहा वर्षांची हमी बहुधा चिप बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही डिझाइनमध्ये घेतल्यापासून नाही. २०१८ ला आलेली चिप आज घेतली तर उरलेली वर्षं स्वतः मोजा. लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ), किमान ऑर्डर आणि पूर्ण रीळ न घेता कापलेल्या टेपवर माल मिळतो का, हे वितरकाच्या स्टॉलवर विचारा. चिप बनवणाऱ्याकडे याची नेमकी उत्तरं क्वचितच असतात.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत दोन प्रश्न पुरतात. बोर्डचा आधार झेफायर या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या किंवा लिनक्सच्या मूळ शाखेत आहे की कंपनीच्या स्वतःच्या फाट्यात (वेगळ्या काढलेल्या प्रतीत), आणि त्या फाट्यात सुरक्षेचे पॅच कोण, कोणत्या वर्षापर्यंत घालणार? आणि लायसन्सात 'फक्त आमच्या चिपवर' असं कलम आहे का? ते असेल तर उद्या चिप बदलताना ड्रायव्हर नव्याने लिहायची तयारी ठेवा.

युरोपात विकायचं असेल तर सायबर रेझिलियन्स ॲक्ट या डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेच्या युरोपीय कायद्याचा प्रश्न टाळता येत नाही. तो १० डिसेंबर २०२४ ला अस्तित्वात आला, पण बंधनं टप्प्याटप्प्याने येतात. त्रुटी कळवण्याचं बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि बाकीची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून आहेत. उत्पादनाला साधारण पाच वर्षं तरी सुरक्षेचा आधार द्यावा लागतो. म्हणून चिपवाल्याला विचारा: सिक्युअर बूटच्या (फक्त खात्रीचाच कोड सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेच्या) किल्ल्या कारखान्यात कशा भरायच्या, लायब्ररींची यादी म्हणजे एसबीओएम मिळेल का, त्रुटी सापडली तर कोणत्या पत्त्यावर कळवायचं. शेवटच्या प्रश्नावर समोरचे दोघे एकमेकांकडे बघू लागले तर तेवढी टीप पुरे.

बिल्ला, करार आणि फुकट बोर्ड

गळ्यातला प्रवेशाचा बिल्ला स्कॅन करू देण्याआधी काय पाठवायचं ते स्टॉलवाल्यांच्या टॅबमध्ये लिहून घ्यायला लावा: 'इरेटा, १,००० आणि १०,००० नगांची किंमत'. नुसता स्कॅन म्हणजे दोन वर्षांची जाहिरातीची मेल. गोपनीयतेच्या करारावर स्टॉलवर सही करू नका. रोडमॅपसाठी, म्हणजे पुढच्या उत्पादनांची योजना बघण्यासाठी, तो लागलाच तर कंपनीच्या कायदेशीर माणसाकडे पाठवायला सांगा. आणि कॉफीच्या रांगेत स्वतःच्या न आलेल्या उत्पादनाबद्दल बोलू नका, कारण मागचा माणूस तुमच्याच क्षेत्रातला असण्याची शक्यता तिथे जास्तच.

वाटलेले पेनड्राइव्ह कार्यालयाच्या संगणकाला लावायचे नाहीत. बोर्ड घ्या, पण महिन्याभरात चालू करणार असाल तेवढेच. शेवटच्या दुपारी स्टॉल आवरताना बोर्ड सहज मिळतात. पण तेव्हा एफएई परतीच्या वाटेवर असतात, म्हणून गंभीर भेटी पहिल्या दोन सकाळी उरका.

टिपणासाठी फोन पुरतो, फक्त क्रम पाळा: आधी स्टॉल क्रमांकाच्या पाटीचा फोटो, मग विचारून डेमोचा, मग कार्डाचा. पाटी हाच दोन स्टॉलमधला दुभाजक. बाहेर पडल्यावर अर्ध्या मिनिटाचा आवाज नोंदवा: काय विचारलं, काय कळलं, कोणी काय पाठवायचं कबूल केलं. हे रात्रीवर ढकललं की सहाव्या स्टॉलचं उत्तर चौथ्याच्या नावावर चढतं.

परत आल्यावर

दोन दिवसांच्या आत मेल पाठवा, प्रत्येकाला एकच प्रश्न आणि तुमच्या भेटीची खूण: कोणता डेमो, कोणता बोर्ड. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण द्या. तरीही शांतता असेल तर तसाच आधार खरेदीनंतर मिळेल असं धरून चाला. अहवाल एका पानाचा आणि निर्णयांनुसार लिहा, स्टॉलनुसार नाही: काय ठरलं, काय बाद झालं, काय मोजायचं राहिलं.

मोजायच्या गोष्टी पहिल्या आठवड्यातच मोजा. आणलेल्या बोर्डवर स्वतःचा कोड टाका, डीबगर काढा, सेलऐवजी मीटरमधून वीज द्या आणि झोपेचा प्रवाह खोलीच्या तापमानाला व शक्य तर ६० अंशांना नोंदवा. आकडा फलकावरच्यापेक्षा दुप्पट आला तर आधी स्वतःचे तरंगते (कशालाच न जोडलेले) पिन तपासा, कारण बहुतेकदा दोष तिथेच असतो. ते ठीक असतील तर तापमान, व्होल्टेज आणि पिनांची मांडणी लिहून एफएईला पाठवा.