लाओलाओच्या ओट्यापाशी शिकलेली चिनी

चीनमधल्या थ्येनचिन शहरात भाषा शिकायला गेलात आणि वसतिगृहाऐवजी एखाद्या घरात राहायची सोय होत असेल, तर दवडू नका. फक्त राहायला गेल्यावर २४ तासांच्या आत पोलीस चौकीत नोंद करायची असते. घरमालकांना सोबत घेऊन जा.

आधी उच्चार. रोमन अक्षरं बघून 'बेइजिंग' म्हणू नका, ते 'पेइचिंग' आहे. पिनयिनमधला, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेल्या चिनीतला, बी म्हणजे आपला प, पी म्हणजे फ. डीचा त, टीचा थ. आणि झेड म्हणजे 'चोर'मधला च! माझ्या युरोपीय वर्गमित्रांनी ज्यासाठी डोकं फोडलं, ते आपल्याकडे बाराखडीतच आहे. सुरांपुढे मात्र बाराखडी काही कामाची नाही. 'माय' खाली जाऊन वर उठला तर विकत घेणं, वरून कोसळला तर विकणं. मी पहिल्याच आठवड्यात घरातलं व्हिनेगर 'विकून' आलो. त्यात चिनीच्या चार सुरांपैकी पहिला सूर थ्येनचिनच्या बोलीत खाली उतरतो, वर्गात मात्र तो उंच नि सपाट शिकवतात. त्यामुळे घरातल्या आजींचं बोलणं मला महिनाभर कळत नव्हतं.

या आजी म्हणजे लाओलाओ. उत्तरेत आईच्या आईला असं म्हणतात. वडिलांची आई नायनाय. मामा चिउचिउ, आत्या कूकू. 'अंकल'वर भागवणाऱ्यांना हे जड जातं, आपल्याला नाही. चुलत्यांमध्ये मात्र वडिलांपेक्षा थोरला की धाकटा, हेही बघावं लागतं. घरमालकीणबाईंना मी 'आयी' म्हणायचो, म्हणजे मावशी-काकू. फोनवर हे आईला सांगितलं, तर पलीकडे जरा शांतताच पसरली.

मी मोठी चूक केली ती जेवणाच्या टेबलावर. लाओलाओ आपल्या काड्यांनी माझ्या वाडग्यात भाजी घालायच्या, की मी लगेच 'श्येश्ये', धन्यवाद. आठवड्याने त्या लेकीला म्हणाल्या, हा मुलगा फार 'च्येनवाय' करतो, म्हणजे स्वतःला परका समजतो. आता आपली आजी भाकरी वाढते तेव्हा आपण कुठे आभार मानतो? दुसऱ्या दिवसापासून मी गप्प बसून लसूण सोलू लागलो आणि भाजीबरोबर शब्दही मिळू लागले.

शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी 'वो छ सू' सांगा. नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर कोबीत खिम्याची चिमूट येऊ शकते, आणि वाढणाऱ्याला ते मांस वाटत नाही. भातात काड्या उभ्या खोचू नका. मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आदल्या रात्री सगळे च्याओत्स, म्हणजे सारण भरून उकडायच्या करंज्या, भरायला बसतात. मोदकाच्या कळ्या येतात म्हणून मी ऐटीत पारी हातात घेतली. माझे निम्मे उकळत्या पाण्यात फुटले. लाओलाओंनी ते झाऱ्याने वेचून माझ्याच वाडग्यात घातले. मी श्येश्ये म्हणालो नाही.