वलय उमटेना तेव्हा: जिवाणूंकडून नक्षी काढून घेण्याचा अनुभव

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी ई. कोलाय या जिवाणूंकडून हिरवं वलय उमटवून घ्यायचं ठरवलं. मूळ प्रयोग संशोधक रॉन वाइस आणि सहकाऱ्यांचा, २००५ साली ‘नेचर’मध्ये आलेला. प्लेटच्या मध्यावर ‘पाठवणारे’ जिवाणू ठेवायचे. ते एएचएल नावाचा छोटा रेणू सोडतात आणि तो आगरमधून, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या थरातून, पसरतो, मध्यापाशी दाट, कडेला विरळ. भोवतीचे ‘ऐकणारे’ जिवाणू त्याचं प्रमाण मध्यम असेल तिथेच जीएफपी हे चमकणारं प्रथिन बनवतात. प्रमाण जास्त असलं की लॅक-आय हे प्रथिन जीएफपीला दाबतं. फारच कमी असलं की लॅक-आयचंच दुसरं रूप, ज्याच्यावर एएचएलमुळे असलेला लगाम आता सुटलेला असतो, तेच काम करतं. उरते ती मधली पट्टी. एकाही पेशीला वर्तुळ म्हणजे काय ते ठाऊक नसतं, तरी वर्तुळ उमटतं. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

माझं क्लोनिंग, म्हणजे लागणारी जनुकं जिवाणूंत बसवणं, चार महिन्यांत झालं, सीक्वेन्सिंगही (डीएनएचा क्रम वाचून केलेली तपासणी) बरोबर आलं. प्लेटवर मात्र मध्याभोवती नुसता धूसर डाग. महिनाभर मी जनुकांमध्येच चूक शोधत बसले. शेवटी मॅडमनी विचारलं, “प्लेटवर पेशी किती घालतेस?” मी मोजल्याच नव्हत्या! पोषक द्रवात रात्रभर वाढलेलं जिवाणूंचं दाट कल्चर तसंच पसरत होते. भरपूर अन्न मिळालं तर ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतात. रेणूचं पसरणं मात्र संथ, अंतर दुप्पट तर वेळ चौपट. संदेश सेंटीमीटरभर पोहोचेपर्यंत माझ्या पेशी अन्न संपवून थंडावलेल्या असायच्या, मग नवं प्रथिन बनवणार कोण? कल्चर शंभरपट पातळ केलं आणि तिसऱ्या प्लेटवर वलय दिसलं. फिकट होतं, एका बाजूला तुटलेलं होतं, पण वलयच होतं. त्या रात्री मी घरी फोन करून आईला ते अर्धा तास समजावून सांगितलं.

म्हणून जनुकं बदलून जिवाणूंकडून नवी कामं करून घेण्याच्या या विषयात, सिंथेटिक बायॉलॉजीत, येणार असाल तर प्लेटकडे वळण्याआधी द्रव कल्चरमध्ये एएचएलची दहा-बारा वेगवेगळी प्रमाणं घेऊन जीएफपी मोजा आणि आलेख काढा. आलेखात मध्ये उंचवटा नसेल, तर प्लेटवर वलयाची वाट बघू नका. थोडं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, रेणूच्या पसरण्याचं गणित संगणकावर करून बघता येतं. जनुकबदलाच्या कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, त्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

परवानगी येईपर्यंत हात रिकामे ठेवू नका. ट्रिप्टोन (प्रथिनांपासून केलेलं जिवाणूंचं खाद्य) घातलेलं ०.३ टक्क्यांचं मऊ आगर ओता आणि मध्यावर पोहणाऱ्या साध्या ई. कोलायचा एक थेंब सोडा. जनुकात काहीही न बदलता वलयं बाहेर सरकताना दिसतील: सर्वात बाहेरचं सेरिन हे अमिनो आम्ल खात जाणारं, त्यामागचं ॲस्पार्टेट हे दुसरं. हाँगकाँगच्या गटाने २०११ मध्ये या पोहण्यालाच लगाम घातला, गर्दी वाढली की पेशी थांबतील असं जनुकीय सर्किट बसवलं आणि पट्ट्यांमागून पट्ट्या उमटवल्या. तुमच्या साध्या प्लेटचा दर तासाला फोटो घ्या, वलयाची त्रिज्या मोजून वहीत लिहा.