कोड स्कॅन झाला, आता पुढं काय बघायचं?

आजकाल गोळ्यांच्या पाकिटापासून सातबाऱ्यापर्यंत सगळ्यावर कसला ना कसला कोड असतोच, आणि आपण मोबाईल धरला, टिंग वाजलं, स्क्रीनवर हिरवी टिक दिसली की खूश. पण क्यूआर बनवायला काय लागतं हो, फुकटच्या साइटवर अर्ध्या मिनिटात होतो, आणि खऱ्या मालावरच्या कोडचा फोटो काढून तोच स्वतःच्या डब्यावर छापणं तर त्याहून सोपं. म्हणून मी कुठल्याही कोडच्या बाबतीत दोनच गोष्टी बघतो: माहिती येतेय कुठून, आणि आलेली माहिती हातातल्या वस्तूशी जुळतेय का. पहिली गोष्ट बरेच जण बघतात, दुसरी जवळपास कोणीच बघत नाही, आणि फसवणारा नेमका तिथंच खेळतो.

सुरुवात किराण्यावरच्या उभ्या रेघांच्या बारकोडपासून करू कारण त्याच्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त थापा फिरतात. १९७४ च्या जून महिन्यात अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, बारकोडवरून झालेली ही दुकानातली पहिली विक्री, आणि तेव्हापासून त्याचं काम एकच, काउंटरवर हिशोब पटकन व्हावा. आपल्याकडे खाली १३ आकडे असतात. '८९० ने सुरू होतो म्हणजे माल भारतीय' हा फॉरवर्ड तुम्हालाही आलाच असेल, तो चूक आहे. ८९० चा अर्थ एवढाच की कंपनीनं नंबर जीएसवन इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, माल कुठं बनलाय ते वेष्टनावर लिहिलेलं वाचायला लागतं.

तेरावा आकडा मात्र मजेशीर आहे, तो आधीच्या बारा आकड्यांवरून काढलेला असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एक सोडून एक आकडे मिळवा, मग दुसरा, चौथा, सहावा हे मिळवून त्यांची तिप्पट करा, दोन्हींची बेरीज करा आणि पुढच्या दहाच्या पटीत जायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. समजा ८९०१२३४५६७८९ हा नंबर आहे. ८+०+२+४+६+८ झाले २८. ९+१+३+५+७+९ झाले ३४, त्याची तिप्पट १०२. एकूण १३०, काहीच कमी पडत नाही, म्हणून तेरावा आकडा ०. टाईप करताना एखादा आकडा चुकला तर हे गणित लगेच पकडतं, शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेकदा पकडतं (फक्त त्या दोघांत ५ चा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ वगैरे, तर निसटतं). पण नकली माल यातून कळत नाही, कारण कोल्हापुरातल्या आणि नागपुरातल्या त्याच बिस्किटाच्या पुड्यावर नंबर एकच असतो. वर्गातल्या हजेरी नंबरासारखं आहे ते, पोरगा कोण ते कळतं, अभ्यास केलाय का ते नाही.

खाण्याच्या वस्तूवर शंका असेल तर बारकोड सोडा आणि एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) १४ आकडी नंबर बघा. पहिला आकडा १ असेल तर लायसन, २ असेल तर नुसती नोंदणी म्हणजे छोटा धंदा. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे १५, आणि केंद्राचं लायसन असेल तर तिथं ००. फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते येतं. घरगुती मसाल्याच्या पाकिटावर भलत्याच हॉटेलचा नंबर दिसला तर काय समजायचं ते समजा.

आता औषधं. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे, डोलो, कॅल्पॉल, थायरोनॉर्म असली रोजची नावं त्यात आहेत. यादीत नसलेल्या औषधावर कोड नसला म्हणून ते नकली होत नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लोक मेडिकलवाल्याशी भांडायला जातात. कोडमध्ये असायला हव्यात या गोष्टी: प्रॉडक्टचा ओळख कोड, औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्सपायरी आणि उत्पादनाच्या लायसनचा नंबर. पाकिटावर जागा नसेल तर बाहेरच्या खोक्यावर चालतो.

स्कॅन केल्यावर नाव वाचून थांबू नका. बॅच नंबर एकेक अक्षर तीन ठिकाणी लावून बघा, स्क्रीनवर, पाकिटावर ठोकलेला, आणि बिलावर. एक्सपायरीचंही तसंच. कोडमधली माहिती पाकिटागणिक वेगळी असेलच असं नाही, त्यामुळं कोणी पूर्ण पाकिटाची जशीच्या तशी नक्कल केली तर स्कॅनमध्ये सगळं बरोबरच दिसणार, तिथं पक्कं बिल हाच आधार. आणि सुट्ट्या गोळ्या घेताना मेडिकलवाला कात्रीनं कापतो तेव्हा बॅच आणि तारखेची बाजू नेमकी त्याच्याकडं राहते, तर ती बाजू असलेला तुकडा मागा, किंवा निदान तिचा फोटो काढून घ्या. काही जुळत नसेल तर गोळी घेऊ नका, पाकीट आणि बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा.

सोन्याचं थोडं सविस्तर सांगतो कारण तिथं पैसाही मोठा आणि 'हॉलमार्क आहे ना' एवढ्या वाक्यावर लोक पिशवी उघडतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. तीन खुणा शोधायच्या: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) त्रिकोणी लोगो, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५) आणि एचयूआयडी. लेझरनं कोरलेलं इतकं बारीक असतं की डोळ्यांना नुसता ओरखडा वाटतो, सराफाकडं भिंग असतं ते हक्कानं मागा, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि मग फोटो मोठा करून वाचा, उजेड तिरका पडला की अक्षरं उठून दिसतात. शून्य आहे की ओ अशी शंका आली तर दोन्ही टाकून बघायचं.

मग बीआयएस केअर अ‍ॅप उघडा, स्वतःच्या फोनवर, दुकानातल्या माणसाच्या फोनवर नको. व्हेरिफाय एचयूआयडीमध्ये नंबर टाकला की सराफाची नोंदणी, हॉलमार्क सेंटर, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि तारीख येते. इथं लोक 'आलं बाई एकदाचं' म्हणून फोन पर्समध्ये टाकतात. अहो खरं काम आता सुरू होतं. दागिन्याचा प्रकार वाचा, हातात पाटली आणि स्क्रीनवर अंगठी असेल तर नंबर दुसऱ्याच दागिन्याचा उचललाय. शुद्धता वाचा, अंगावर ९१६ आणि नोंदीत ७५० असं असेल तर भाव २२ कॅरेटचा द्यायचा नाही. पाटल्यांची जोडी असेल तर दोन्हींवरचे नंबर वेगळे हवेत. आणि नंबर बिलावर लिहून घ्या, मोड द्यायला किंवा भांडायला जाल तेव्हा उपयोगी पडतो.

तरीही शंका असेल तर दागिना हॉलमार्क सेंटरवर नेऊन तपासून घेता येतो, आणि शुद्धता कमी निघाली तर कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क नियमात आहे. मात्र दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, कुंदन-पोलकी-जडावालाही नाही, त्यामुळं चमकी किंवा हलक्या नथीवर काही दिसलं नाही तर लगेच सराफाला चोर ठरवू नका. आजीच्या पाटल्यांवर तर नसणारच.

कागदपत्रांकडं येऊ. जमीन बघायला गेलं की विकणारा डिजिटल सहीचा सातबारा पुढं करतो. त्यावर १६ आकडी पडताळणी क्रमांक असतो, महाभूमीच्या डिजिटल सातबारा साइटवर तो टाकला की मूळ उतारा दिसतो, मग गट नंबर, क्षेत्र, खातेदारांची नावं आणि इतर हक्कातला बोजा ओळीनं ताडून बघायचा. पण हा उतारा खरा असूनही शिळा असू शकतो. सहा महिन्यांपूर्वी काढलेला असेल तर तो त्या तारखेला बरोबर होता एवढंच, नंतर सोसायटीचं कर्ज चढलं असेल तर त्यात दिसणार नाही. १५ रुपयांत ताजा उतारा निघतो, तो स्वतःच काढा की, लाखांच्या व्यवहारात १५ रुपयांसाठी समोरच्याचा कागद कशाला वापरायचा! आणि भूलेख साइटवरचा फुकटचा उतारा फक्त बघण्यापुरता, कायदेशीर कामाला चालत नाही.

आधारच्या क्यूआरची भानगड वेगळी. साध्या स्कॅनरनं नुसती आकड्यांची लांबलचक रांग दिसते आणि लोकांना वाटतं कोड बिघडलाय. तो यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या अ‍ॅपनंच वाचायचा, त्यात डिजिटल सही असते त्यामुळं आत एक अक्षर जरी बदललं तरी अ‍ॅप नाकारतं, आणि नेट नसलं तरी चालतं. पण खऱ्या माणसाचा कोड खोट्या कार्डावर छापता येतोच, म्हणून स्कॅनमधून आलेला फोटो कार्डावरच्या फोटोशी नाही, समोर उभ्या असलेल्या भाडेकरूच्या तोंडाशी जुळवायचा.

स्कॅनमधून लिंक उघडत असेल तर आधी पत्ता वाचा. सुरुवातीच्या https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधी काय लिहिलंय तेच खरं, सरकारी साइट असेल तर तिथं गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन हवं. सुरुवातीला कुठंतरी गव्ह घुसवून पुढं भलतंच नाव लावलेले पत्ते असतात, ते तिथंच बंद करा.

कोड चुरगळलाय, तेलकट झालाय, तरी प्रयत्न करा, क्यूआरमध्ये दुरुस्तीची सोय असते आणि सगळ्यात वरच्या पातळीवर जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. कोपऱ्यातले तीन चौकोन मात्र शाबूत हवेत. बऱ्याचदा दोष कोडचा नसतोच, आपल्या कॅमेऱ्यावर बोटाचे डाग असतात.

यूपीआयचं थोडक्यात: दुकानातल्या स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात, तर रक्कम टाकण्याआधी स्क्रीनवर आलेलं बँकेतलं नाव मोठ्यानं वाचून दुकानदाराला विचारा, तो हो म्हणाला की मगच पिन. आणि पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही लागत नाही, कोणी कितीही गोड बोलला तरी.

शेवटी जुना मोबाईल घेताना. *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर येईल, दोन सिमचा असेल तर दोन येतील. खोक्यावरचा, बिलावरचा आणि स्क्रीनवरचा जुळतोय का बघा, मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. उत्तरात मॉडेल आणि कंपनी येते. ती हातातल्या फोनची नसेल, किंवा ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट असलं काही आलं, तर भाव कितीही पाडून देत असला तरी फोन परत द्या.